सातवी पुडी

अमरावतीच्या कापूसबाजारात माझे नाव अजून थोडेफार शिल्लक आहे. कधी तिकडून गेलो तर जुने अडते उठून जागा देतात आणि दुकानातल्या नव्या माणसांना सांगतात, "यांच्या बोटांशी कापूस बोलायचा." मी मान खाली घालून ऐकून घेतो. जवळजवळ चार तपे ऐकून घेतले. या श्रावणात गिरजाबाई वारली, आणि तेव्हापासून ते ऐकून घेणे मला जमेनासे झाले आहे. संपादकांचे पत्र आले की दिवाळीच्या अंकासाठी तुमच्या धंद्यातले काही लिहून द्या. एरवी मी नकार कळवला असता. मी सावकाश लिहिणारा माणूस आहे, आठवड्यात एखादे पान होते. पण या वेळी लेखणी उचलली, आणि तो काळ असा धावत समोर आला की माझाच हात मागे पडतो आहे.

काय दिवस होते ते! अमेरिकेत लढाई पेटली होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि तिथल्या गिरण्यांचे तोंड आमच्या काळ्या मातीकडे वळले. आगगाडीचे रूळ अजून अकोल्याच्या दिशेने सरकतच होते, पण गाड्या त्यांची वाट पाहत थांबल्या नव्हत्या. पहाटेपासून बैलांच्या घुंगरांचा आवाज सुरू होई तो दिवे लागेपर्यंत. बार्शीटाकळीकडच्या, अकोटकडच्या, दर्यापूरच्या गाड्या एकमेकींना लागून उभ्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापूस अडकलेला. घरी जाऊन अंगरखा झटकला तर त्यातूनही कापूस निघे.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. अकोल्याच्या शाळेत शिकून थोडे इंग्रजी वाचू लागलो होतो, तेवढ्यावर अमरावतीत एका विलायती पेढीत कारकून म्हणून लागलो. पेढीचे साहेब गोरे, लाल तोंडाचे, तिखट खाऊन घाम पुसणारे. उन्हाळा लागला की ते चिखलदऱ्याला जात आणि तिथून आम्हाला चिठ्ठ्या पाठवत. हिवाळ्यात मात्र दिवसभर आमच्या डोक्यावर उभे असत. गाड्या इतक्या वाढल्या की त्यांनी मला लेखणीवरून उठवून पारखीच्या हाताखाली बसवले.

पारखी म्हणजे काय ते सांगतो. कापसाच्या ढिगातून एक बुचका उपटायचा. दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ओढायचा, पुन्हा एकावर एक ठेवून ओढायचा. असे पाच-सहा वेळा केले की तंतू सरळ होतात. मग ते काळ्या कापडावर ठेवून लांबी, चमक, मळ पाहायचा. आमच्या वऱ्हाडात तेव्हा मुख्य दोन कापूस. बनी आणि जरी. बनी लांब तंतूची, रेशमासारखी मऊ. जरी आखूड आणि खरखरीत. भावात दोघींचे अंतर मोठे, म्हणून जरीला बनी म्हणवून विकणारे पुष्कळ. कापूस ओला करून आणणारे तर त्याहून पुष्कळ. एक व्यापारी होता, त्याचे बैल दर आठवड्याला गाडीसकट नदीत बसत. "काय करू बावा, बैल तहानलेले असतात," असे तो डोळ्यांत पाणी आणून सांगे. त्याच्या डोळ्यांत होते त्याच्या कैक पट पाणी गाडीत असे.

पारख झाली की भाव. तो तोंडाने बोलायचा नाही. विकणारा आणि पारखी समोरासमोर बसत, हातांवर रुमाल टाकत, आणि रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत. किती बोटे, कोणते पेर, कितीदा दाबले, त्यावर सगळे. शेजारी बसलेल्यालाही कळत नसे. हा रुमाल वाचकांनी लक्षात ठेवावा.

आमचे मुख्य पारखी दाजीबा. साठीचे, कानात भिकबाळी, तोंडात सदा सुपारी. त्यांच्या हाताखाली मी. आणि अंगणापलीकडच्या लांब छपरात बायका. तिथे पन्नास-साठ रेचे चालत. रेचा म्हणजे दोन लाट्यांचे लाकडी यंत्र. एका हाताने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने कापूस भरवायचा. रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडे पडते. त्या किरकिरीत बायका ओरडून बोलत, आणि म्हणून त्यांचे सगळे बोलणे आम्हाला ऐकू येई.

गिरजाबाई त्या छपरात होती. माळ्याची, बडनेऱ्याच्या वाटेवर राहणारी, तिशीच्या आतबाहेर. नवरा कापसाच्या गाड्या हाकत घाटाखाली जाई, तो चार-चार महिने परतत नसे. घरी दोन मुली. आठ वर्षे रेचा फिरवून तिचा उजवा खांदा धरला होता. हात कानापर्यंत जात नव्हता. डोक्यावर पदर घ्यायलाही ती डावा हात वापरी. मुकादमाने तिला सांगून ठेवले होते, की दिवाळीपासून काम अर्धे होते आहे, संक्रांतीनंतर येऊ नको.

आता माझी लाज सांगतो.

आम्ही सात-आठ शिकलेले तरुण दर रविवारी मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर जमून निबंध वाचत असू. साहेबांच्या टेबलावर विलायती मासिके पडलेली असत. त्यांतल्या एकात मी वाचले, की पुरुषाचा मेंदू स्त्रीच्या मेंदूपेक्षा वजनाला जास्त भरतो, तेव्हा बुद्धीही त्या मानाने जास्त. मला ते इतके पटले! वजनाच्या जगात राहत होतो, पटणारच. मी 'बुद्धीचे वजन' नावाचा निबंध लिहिला, ओसरीवर वाचला, आणि वादात जिंकलो. मत देणारे सगळे माझ्याइतक्याच वजनाच्या मेंदूचे होते, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

सोमवारी छपरासमोरून जात होतो. एका म्हातारीने रेचा थांबवून हाक मारली.

"ओ भाऊ! काल देवयात बायाईच्या नावानं काय वाचून राह्यले होते तुमी?"

"काही नाही आजी. विद्येची गोष्ट होती."

"विद्येची असंन त सांगा. आमी का खाऊन टाकू तुमची विद्या?"

बायका हसल्या. मी निबंध खिशातच घेऊन फिरत होतो, आणि खरे सांगायचे तर वाचून दाखवण्याची हौस होती. मी सोप्या बोलीत सांगितले की मोठ्या मोठ्या विद्वानांनी वजन करून पाहिले आहे, पुरुषाचा मेंदू जड भरतो.

गिरजाबाईने हातातल्या कापसाकडे पाहिले आणि विचारले, "वजन केलं तवा वाळलेला होता का ओला?"

"म्हणजे?"

"वजनात त ओला कापूसही भरते, भाऊ. तुमी घेता का त्याले?"

हशा असा उसळला की पलीकडे दाजीबांनी सुपारी थुंकून मान वर केली. मला राग आला. त्याच रागात, मागेपुढे न पाहता मी म्हणालो, "बोलणे सोपे आहे. पारखीच्या गादीवर बसून दाखव."

"बसवा ना," ती म्हणाली. ती हसत नव्हती. "काहून नाई बसवत? खांदा गेला माहा, बोटं नाई गेली. ढिगातली कवडी, किडका कापूस, निवडून निवडून कोनत्या शिवारातला कापूस हाये ते सांगते मी. इचारा या बायाईले."

ही बातमी साहेबांपर्यंत गेली. त्यांना तिसऱ्या पारखीची गरज होतीच, आणि माझा निबंध मीच मोठ्या उत्साहाने त्यांना इंग्रजीत सांगितला होता. त्यांनी टाळी वाजवली. "इम्तहान लेंगे! तीनों का!"

दाजीबांना हे रुचले नाही. पण ते साहेबांशी भांडणारे नव्हते. त्यांनी एवढेच म्हटले, "ठीक हाये. पन मानूस चुकला त चुकला, त्याले अनुभव हाये. बाईनं वीसच्या वीस सांगावं. एक चुकली त घरी जावं. पेढीची अब्रू हाये बाप्पा."

साहेबांनी होकार दिला. मला विचाराल, तर तेव्हा मला ते अगदी रास्त वाटले होते.

साहेबांनी वीस पुड्या तयार करवल्या. ढिगांतून आणि दाबून बांधलेल्या गासड्यांतून लोखंडी आकड्याने बुचके ओढून काढले, जुन्या कागदात गुंडाळले, अंक घातले. उत्तर एकच शब्द, बनी किंवा जरी. मी कागदावर रेघा मारून तीन नावांचे रकाने केले. आम्ही एकेक जण वेगळ्या खोलीत जाऊन साहेबांना उत्तर सांगणार होतो, पण लिहायचे मी. माझी पाळी आधी उरकली, तेव्हा साहेबांनी खऱ्या उत्तरांचा कागदही माझ्यापुढे ठेवला. मग दाजीबा. मग गिरजाबाई.

ती खाली बसली, पदर खोचला. काळे कापड मांडीवर पसरले. उजवा कोपर अंगाला चिकटलेला, त्यामुळे तिची ओढण्याची तऱ्हाच निराळी होती. आम्ही हात पसरून ओढत असू. ती छातीजवळ, लहान लहान, जणू मुलीच्या डोक्यातला गुंता सोडवते आहे. डोळे तर बहुतेक वेळ दाराबाहेर होते.

"जरी. जरी. हे बनी, नदीकाठची. जरी. बनी. बनी."

मी लिहीत होतो आणि शेजारच्या खऱ्या उत्तरांशी ताडून पाहत होतो. सहाही बरोबर होती.

सातवी पुडी. तिने ओढली. पुन्हा ओढली. कापसाचे दोन भाग केले, पुन्हा एकत्र केले. छपरातला रेच्यांचा आवाज कधी थांबला ते कळले नाही. सगळ्या बायका कान देऊन होत्या.

"हे नाई सांगता येत," ती म्हणाली.

"एक पुडी, एक जबाब," साहेब म्हणाले.

"साहेब, यात दोघी हायेत."

"बनी या जरी?"

"दोघी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. माझ्या रकान्यात दोनच शब्दांना जागा होती. 'दोघी' असे काही उत्तर आम्ही ठरवलेच नव्हते. शिकलेला माणूस ठरलेल्या नमुन्याबाहेर जात नाही. मी लिहिले, 'उत्तर नाही.'

उरलेल्या तेरा पुड्या तिने हसतखेळत सांगितल्या. तेराही बरोबर. दाजीबा एकंदर दोन चुकले, मी चार. गिरजाबाई एक, आणि ती एक म्हणजे सातवी. सातवी पुडी दाजीबांनी स्वतः पारखून घेतलेल्या गासडीतली होती, आणि पेढीच्या लेखी ती बनी होती.

"चांगलं सांगतलं पोरीनं," दाजीबा म्हणाले. त्यात कुत्सितपणा नव्हता. "पन एक राह्यलं. बाईचं असंच असते. शेवटी ठाम नाई सांगता येत."

गिरजाबाई उठली नाही. "गासडी फोडा," ती म्हणाली.

"काय?"

"गासडी फोडा दाजीबा. मले घरी धाडा, पन आधी फोडा. माह्या पोरीईले मी जाऊन काय सांगू? का मले सांगता नाई आलं? मले सांगता आलं. मी सांगतलं."

दाबलेली गासडी फोडणे म्हणजे खेळ नव्हे. पुन्हा बांधायला चार माणसांचा अर्धा दिवस जातो. साहेबांनी घड्याळ काढले, म्हणजे नकार येणार होता. मी फारसा बोलणारा माणूस नव्हतो, आजही नाही. पण हातातल्या कागदावर माझी नजर गेली. सातव्या ओळीत दाजीबांचे उत्तर बनी होते. माझे जरी. आम्ही दोघेही क्षणभर न अडखळता, अगदी खात्रीने बोललो होतो.

"साहेब," मी म्हणालो, "सातला दाजीबा बनी म्हणाले. मी जरी म्हणालो. त्यांच्या हाती बुचक्याचा एक भाग गेला, माझ्या हाती दुसरा, असे तर नाही? तिने मात्र सगळा ओढून पाहिला."

साहेबांनी कागद हिसकावून घेतला. पाहिला. मग असे ओरडले की बाहेरचे बैल उठून उभे राहिले. "तोडो!"

चार माणसांनी गासडी अंगणात लोटत आणली. बायका छपरातून धावत आल्या, गाडीवाले आले, समोरचा हलवाई झारा हातात घेऊन आला. कोयत्याने पहिला दोर तुटला तेव्हा गासडी हुंकारल्यासारखी फुगली. दुसरा, तिसरा. तागाचे वेष्टण फाडले आणि कापूस बाहेर लोटला. वरचा थर बनी, शुभ्र, लोण्यासारखा. एका माणसाने कोपरापर्यंत हात घालून आतला ओढला. जरी! त्याखाली पुन्हा बनी, त्याखाली पुन्हा जरी. कोणी तरी सावकाश, निगुतीने, गोधडीसारखे थर लावले होते, आणि आमचा आकडा नेमका दोन थरांच्या सांध्यात गेला होता.

"दोघी हायेत वं माय!" ती म्हातारी किंचाळली, आणि मग जो गलका झाला! बायका टाळ्या पिटत होत्या, गाडीवाले शिट्ट्या मारत होते, हलवाई काही न कळता सगळ्यांत मोठ्याने हसत होता. साहेब टोपी हातात घेऊन उभे होते आणि त्यांच्या लाल तोंडावर कापसाचे तंतू चिकटले होते. मीही ओरडत होतो. माझा निबंध खिशात होता आणि मी ओरडत होतो!

दाजीबा मात्र पुढे झाले. त्यांनी दोन्ही कापूस हातात घेतले, ओढले, आणि बराच वेळ पाहत राहिले. "मी घेतली होती हे गासडी," ते म्हणाले. मग मान वर केली. "हुशार हाये बाई. मी नाई म्हनत नाई. पन साहेब, रुमालाचं काय?"

गलका एकदम थांबला. परक्या माणसाच्या हातात रुमालाखाली हात देऊन कोणती बाई भाव करणार? आणि कोणता व्यापारी तिच्या हाताला हात लावायला धजणार? भाव करत नाही तो पारखी कसला? गाडीवाल्यांनी माना हलवल्या. बायकांनीसुद्धा माना खाली घातल्या.

गिरजाबाईने एकेकाकडे पाहिले.

"आतापावतर त डोक्याची गोष्ट चालली होती," ती म्हणाली. "हात कवा आला मंधात?"

त्या दिवसानंतर मी या विषयावर पुष्कळ वाचले, दोन्ही बाजूंचे वाचले. जेव्हा जेव्हा एक कारण निकालात निघाले आणि दुसरे पुढे आले, तेव्हा मला तो अंगणातला प्रश्न ऐकू आला. वाद बुद्धीचा चाललेला असतो, आणि वाट रुमालाने अडवलेली असते.

तोडही तिनेच काढली. तिथल्या तिथे. "हात या भाऊचा ठेवा. भाव हे दाबतीन. कापूस मी सांगीन."

तसेच ठरले. गादीवर मी, माझ्या मागे चटईवर ती, मांडीवर काळे कापड. एक बुचका ठेवला तर बनी, दोन ठेवले तर जरी, कापड झटकले तर माल घ्यायचा नाही. मी वळून कापडाकडे पाही आणि रुमालाखाली बोटे दाबी. अंगणात हे पाहिलेले गाडीवाले आपापल्या गावी पांगले, आणि छपरातल्या बायकांनी तिच्या पोटासाठी ते बाहेर फुटू दिले नाही. बाहेरच्या व्यापाऱ्यांना वाटे, ती पुड्या झाडायला ठेवलेली बाई आहे. पेढीच्या मुंबईच्या कचेरीला पारखीचे नाव हवे होते, तिथे माझे गेले. नदीत बसणाऱ्या बैलांच्या मालकाने एकदा मला कोपरापासून हात जोडले. "तुमच्या पाठीले डोये हायेत काय हो?" मी हसलो. होतेच.

एकदा मी तिला म्हणालो होतो, "गिरजाबाई, मी सगळ्यांना सांगून टाकतो." ती घाबरली. "नोका सांगू भाऊ. मुंबईले समजलं त मले उठवतीन. पोरी लहान हायेत." म्हणून मी गप्प राहिलो. पुढे लढाई संपली, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, आमची मात्र तगली, कारण आम्ही भलता माल घेतला नव्हता. दाजीबा गेले. वाफेवर चालणारी यंत्रे आली, छपरातले रेचे सरपणात गेले. तिच्या मुलींची लग्ने झाली. उठवण्याचे भय केव्हाच सरले होते. तरी मी गप्पच राहिलो. पहिली काही वर्षे तिच्यासाठी गप्प होतो. पुढची कोणासाठी होतो, हे मी स्वतःला विचारले नाही.

श्रावणात तिची नात मला ती गेल्याचा निरोप द्यायला आली. ती इथल्याच मुलींच्या शाळेत शिकवते. आजी शेवटपर्यंत गोधडीतला कापूस ओढून पाहत होती, असे म्हणाली. मी तिला बसवले आणि हे सगळे सांगितले, जसे इथे लिहिले तसे. मग पेटीतून तो कागद काढला. तीन रकाने, वीस ओळी. तो मी का जपला होता, मला ठाऊक नाही. निबंध केव्हाच फाडून टाकला होता.

मुलीने कागद उजेडात धरून बोट फिरवत वाचला. सातव्या ओळीवर बोट थांबले.

"आबा, हे 'उत्तर नाही' कोनी लिहिलं?"

"मी."

तिने दौत जवळ सरकवली, टाक शाईत बुडवून माझ्या हातात दिला, आणि वाट पाहत बसली. वर्गात बसते तशीच.

ते दोन शब्द मी खोडले आणि वर लिहिले, 'दोघी.'

तिने शाईवर फुंकर घातली. वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा मोजले.

"वीसच्या वीस," ती म्हणाली. "मंग माही आजी पास झाली न?"

"झाली," मी म्हणालो.